यावच्चंद्रदिवाकरौ, किंवा 31 मार्च

वाचनालयाचा कार्यवाह निवडून येत नाही, तो सापडतो. सर्वसाधारण सभेला मी दहा मिनिटं उशिरा पोचलो आणि सापडलो.

आमचं गाव अलिबाग तालुक्यात, खारेपाटात. गावाकडे इतिहास म्हणावा असा ऐवज दोन ठिकाणी. एक, शेजारच्या माई, वय 91. चरी गावचा शेतकरी संप 1933 ते 1939 चालला, त्यातच माईंचा जन्म. खोतांची जमीन कसायची नाही म्हणून लोक वर्षानुवर्षं अडून बसले, तेव्हा चुलीवर काय चढलं आणि काय चढलं नाही, हे माईंना त्यांच्या आईने सांगितलेलं आणि आता ते त्यांच्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही.

दुसरा ऐवज म्हणजे एका वाडीतल्या विहिरीशेजारचा गद्धेगाळ, म्हणजे एक कोरीव दगड. वर चंद्र-सूर्य, मध्ये झिजलेल्या ओळी, खाली एक गाढव आणि एक स्त्री. खाली नेमकं काय चाललंय ते समजावून सांगायची वेळ आली की वक्ते चष्मा पुसायला घेतात. कोकणच्या शिलाहार राजांच्या काळापासून चालत आलेली ही दानाची पावती. चंद्र-सूर्य आहेत तोवर दान चालेल. जो मोडेल त्याच्या आईचं खालच्या चित्रासारखं होईल. झाली अटी-शर्तींची यादी. सध्या त्यावर चादरी आपटतात.

हे दोन्ही नोंदवून ठेवावं, असं वाचनालयात सर्वांनाच वाटत होतं. त्यात मुंबईतल्या एका संस्थेने स्थानिक इतिहासासाठी अनुदान जाहीर केलं आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले.

अर्ज 22 पानांचा. पहिल्याच पानावर विश्वस्तांची यादी आणि धर्मादाय नोंदणीचा उतारा मागितलेला. कपाटातून उतारा काढला. सात विश्वस्तांपैकी पाच कैलासवासी. एक गेला, दुसरा आला, हार घातले, फोटो काढले. बदल अर्ज करायचं मात्र कुणाच्या डोक्यातच आलं नाही. म्हणजे कागदोपत्री आमच्या कार्यकारिणीची सभा फक्त पितृपक्षातच भरू शकते. गावाचा इतिहास राहू दे, आधी वाचनालयाचाच लिहायला हवा होता. त्यात दोन महिने गेले. पुढे करसवलतीची 12ए आणि 80जी प्रमाणपत्रं, संस्थांच्या सरकारी पोर्टलवरचा दर्पण क्रमांक, तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल. तिसऱ्या वर्षीच्या अहवालात 'किरकोळ खर्च 340' एवढंच होतं. त्यावर खुलासा मागवला गेला. झाडू होता तो.

मग खरे प्रश्न सुरू झाले. 'थेट लाभार्थींची संख्या?' ज्यांचा इतिहास लिहायचा ते बहुतेक वर गेलेले. त्यांना थेट धरायचं की अप्रत्यक्ष? 'प्रकल्प संपल्यावर उपक्रमाची शाश्वतता कशी राखाल?' इथे मला वि. का. राजवाडे आठवले. दप्तरं शोधत गावोगाव वणवण हिंडलेल्या इतिहासाचार्यांनी 1910 साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं केलं. त्यांच्यासमोर कुणी हा रकाना ठेवला असता तर काय झालं असतं, हे त्यांचा स्वभाव ऐकून असलेल्यांनी आपापल्या मनात बघावं.

'संभाव्य धोके व उपाययोजना' हा रकाना माईंच्या ओसरीवर बसून भरत होतो.

"काय लिहितोस?"

"काम अर्धवट राहील असं काय-काय होऊ शकतं, ते."

"मग माझं नाव घाल," माई म्हणाल्या. "आणि उपाय लिही, लवकर या."

लिहिलं. खरं सांगायचं तर 22 पानांत तेवढीच एक ओळ धड होती.

अंदाजपत्रकाला प्रत्येक कामाची तीन दरपत्रकं हवी होती. माझ्या माहितीत मोडी वाचणारे गुरुजी एकच. त्यांना अडचण सांगितली, तर म्हणाले, "तीन देतो की! एक मोडीत, एक बाळबोधीत, एक इंग्रजीत." चहापान अमान्य. खारेपाटातल्या म्हातारीकडून बिनचहाची आठवण काढून दाखवणाऱ्याचा मी जाहीर सत्कार करीन, स्वखर्चाने.

दगडाच्या मालकाचं ना-हरकत पत्रही हवं होतं. वाडीवाले म्हणाले, "दगड माझा नाही." म्हटलं, मग तसं लिहून द्या. "नेणार आहात काय?" नाही, नुसता ठसा घेणार. "नेणार असाल तर माझा आहे." शेवटी चादरी आपटायला दुसरा दगड आणून दिला, तेव्हा सही मिळाली. हा खर्चही अमान्य.

शेवटच्या रात्री सगळं अपलोड करायला बसलो. प्रत्येक कागद 200 केबीच्या आत. दगडाचा फोटो दाबत-दाबत तिथवर आणला, तेव्हा गाढव आणि स्त्री यांतला फरक संपला होता. ओटीपी खजिनदारांच्या फोनवर जायचा आणि खजिनदार भावकीच्या लग्नात, वरातीत. चौथा ओटीपी त्यांनी बँजोच्या आवाजात ओरडून सांगितला, तो निम्म्या वरातीला कळला असणार.

चार महिन्यांनी मंजुरीपत्र आलं. मागितले 1,80,000, मिळाले 45,000, तेही दोन हप्त्यांत. दुसरा हप्ता, पहिला खर्च केल्याच्या उपयोगिता प्रमाणपत्रानंतर. मुदत 31 मार्च. पत्र हातात पडलं ती तारीख 9 फेब्रुवारी.

बातमी द्यायला माईंकडे गेलो. 'लवकर या' त्यांनीच लिहायला लावलेलं, त्यामुळे सात महिन्यांचा हिशेब मान खाली घालूनच दिला. पत्र वाचून दाखव म्हणाल्या. अटी मोजून एकोणीस. शेवटची अशी, की कोणत्याही अटीचा भंग झाल्यास संपूर्ण रक्कम बारा टक्के व्याजासह परत करावी लागेल. मी सांगितलं, माई, हे काहीच नाही. जुन्या ताम्रपटांत तर दिलेली जमीन जो हिसकावेल तो साठ हजार वर्षं विष्ठेतला किडा होईल, असं लिहायचे.

माईंनी पत्र हातात घेतलं. वाचता येत नाही, तरी सही, शिक्का सगळं नीट न्याहाळलं. मग कागद उलटा करून मागची बाजू बघितली.

"गाढव नाही काढलं?"