नॅसची डिस्क एक्सफॅट करायची? आधी हे वाचा

व्हॉट्सअॅपवर एक मेसेज फिरतोय. म्हणणं थोडक्यात असं: घरात विंडोज, मॅक आणि मोबाइल असतील तर नॅसमधली (घरच्या नेटवर्कला जोडलेल्या, सगळ्यांनी मिळून वापरायच्या साठवणपेटीतली) हार्ड डिस्क एक्सफॅटमध्येच (विंडोज आणि मॅक दोघांना वाचता येणाऱ्या मांडणीत) फॉरमॅट करा, नाहीतर मॅकला दिसणार नाही, मॅकसाठी एएफपी (अॅपलची फाइल देण्याघेण्याची जुनी पद्धत) असलेलाच नॅस घ्या, दोन डिस्कचा रेड (डिस्क एकत्र जोडून वापरायची सोय) केला की बॅकअप नको, इन्व्हर्टर असेल तर यूपीएस कशाला? चारही सल्ले चुकीचे, आणि पहिला सगळ्यात महागात पडणारा.

एक्सफॅटचा नियम पेन ड्राइव्हचा आहे. पेन ड्राइव्ह थेट लॅपटॉपला लागतो, म्हणून त्याची फॉरमॅट लॅपटॉपला कळावी लागते. नॅस हा स्वतःच छोटा संगणक. आत लिनक्स, डिस्कवर बहुतेक वेळा ईएक्सटी४ किंवा बीटीआरएफएस या लिनक्सच्या मांडण्या. ती वाचायचं काम त्याचं. लॅपटॉपशी तो नेटवर्कवरून एसएमबीत (फाइल देण्याघेण्याच्या, विंडोज आणि मॅक दोघांना येणाऱ्या भाषेत) बोलतो, त्यामुळे आतली मांडणी विंडोजला कळावी लागत नाही आणि मॅकलाही नाही. शिवाय पहिल्या सेटअपमध्ये नॅस डिस्क पुसूनच घेतो. लग्नाच्या फोटोंनी भरलेली एक्सफॅट डिस्क कोणी 'मॅकला दिसेल' म्हणून आत सरकवली, तर फोटो गेलेच.

मेसेजवाल्याची भीती एका जागी रास्त आहे. नॅस बिघडला आणि डिस्क काढून विंडोजला लावली, तर विंडोज 'फॉरमॅट करू का' विचारतं. तिथे नाही म्हणा. उबंटू या लिनक्सच्या लाइव्ह पेन ड्राइव्हवर (काही न बसवता थेट चालणाऱ्या) संगणक सुरू करून डेटा काढता येतो.

एएफपीचं म्हणाल, तर मॅकच्या २०१३च्या मॅव्हरिक्स आवृत्तीपासून अॅपलनेच एसएमबीला पहिली पसंती दिली, आणि २०१६च्या सिएरा आवृत्तीपासून टाइम मशीनचा (मॅकच्या स्वतःच्या बॅकअप सोयीचा) बॅकअपही एसएमबीवर जातो. खरेदी करताना एसएमबी ३ आणि टाइम मशीन एवढं तपासा. टाइम मशीनच्या फोल्डरला कोटा (जागेची मर्यादा) मात्र लावा, ५१२ जीबीच्या मॅकला १ टीबी पुरे. नाहीतर तो सगळी जागा खाऊन बसतो.

खरी अडचण जुन्या नॅसची आणि राउटरला डिस्क लावून केलेल्या जुगाडाची. त्यातले कित्येक फक्त एसएमबी १ ही जुनी आवृत्ती बोलतात, आणि २०१७च्या अखेरीपासून नव्याने टाकलेल्या विंडोज १०मध्ये ते मुळात नसतं किंवा काही दिवस न वापरलं की आपोआप निघून जातं. ते परत चालू करू नका. वॉनाक्राय हा फाइल कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस त्याच दारातून शिरला होता. विंडोज ११ प्रोच्या २४एच२ आवृत्तीत बिनपासवर्डचं गेस्ट खातंही अडतं. नॅसवर घरातल्या प्रत्येकाचं वेगळं खातं काढा.

मेसेजमध्ये नसलेली, पण मराठी घरात हमखास सापडणारी गोष्ट म्हणजे फाइलचं नाव. विंडोज २५५ अक्षरं चालवतं. ईएक्सटी४ २५५ बाइट मोजतं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं, काना, मात्रा, हलंतसुद्धा. म्हणजे मर्यादा ८५ चिन्हांची. 'शेतकऱ्यांचे' या एकाच शब्दात ११ चिन्हं, ३३ बाइट. सातबाऱ्याच्या स्कॅनला गाव, गट नंबर, खातेदारांची नावं सगळं लिहिलं, की कॉपी मध्येच अडते आणि दोष केबलला जातो. त्यातला 'ऱ' आणखी चकवतो. जुन्या मॅकची एचएफएस प्लस डिस्क तो र आणि नुक्ता असा फोडून ठेवते. तिथून आरसिंकने (फाइल कॉपी करणाऱ्या आज्ञेने) नॅसवर टाकलं, की डोळ्यांना एकच दिसणारी दोन नावं तयार होतात. मॅकच्या फाइंडरमधून, एसएमबीने कॉपी करा.

रेड १ म्हणजे एका डिस्कचा आरसा: ४ टीबीच्या दोन डिस्क, जागा ४ टीबीच. चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून जाते. बॅकअप वेगळ्या यूएसबी डिस्कवर घ्या. हवी तर हीच एक्सफॅट करा. नॅसमधल्या डिस्क सीएमआर (माहितीचे पट्टे वेगवेगळे लिहिणाऱ्या) असू द्या. एसएमआर डिस्क (पट्टे एकमेकांवर थोडे चढवून लिहिणारी) डिस्क बदलल्यावर रेड पुन्हा बांधताना फार रेंगाळते, आणि २०२०मध्ये डब्ल्यूडी कंपनीच्या 'रेड' नावाच्या डिस्कच्या काही मॉडेलांतही ती निघाली होती. आता त्यांची 'रेड प्लस' सीएमआर आहे.

राहिला इन्व्हर्टर. भारनियमनात बॅटरी उतरते तेव्हा तो नॅसला कळवत नाही. नॅस लिहिता लिहिता बंद पडतो. ६०० व्हीएचा यूपीएस घ्या, पण नॅसला यूएसबीने जोडता येणारा, आणि तुमच्या नॅस कंपनीच्या चालणाऱ्या यूपीएसच्या यादीत असलेला. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्ह असेल तर यूपीएस त्याची वीज नाकारून खटखट करत राहू शकतो, म्हणून इन्व्हर्टर साइन वेव्हच हवा. बसवल्यावर यूपीएसचा प्लग भिंतीतून काढून बघा. ठरवलेल्या ५ मिनिटांत नॅस आपणहून बंद झाला नाही, तर ती केबल नुसती शोभेची.

मे महिन्यात परभणी-नांदेडला पारा ४२च्या पुढे जातो, आणि घरगुती नॅसच्या माहितीपत्रकात कमाल तापमान बहुधा ४० अंश असतं. टीव्हीखालचं बंद कपाट आणि पत्र्याखालचा माळा, दोन्ही टाळा.