या आठवड्यात माझा एआय वापर २३ टक्के

दर सोमवारी सकाळी सव्वानऊला ऑफिसचा एक मेल येतो. आत एक गोल, गोलात माझा आकडा. चाळीसच्या खाली लाल, साठपर्यंत पिवळा, त्यापुढे हिरवा. गेले पाच आठवडे मी लाल आहे. हाच मेल माझ्या मॅनेजरला जातो, त्याच्या वरच्याला जातो, आणि यंदापासून अप्रेझलच्या फॉर्ममध्ये त्यासाठी वेगळा रकाना आलाय. १९ वर्षं नोकरी केलेल्या बाईला दर सोमवारी प्रगतिपुस्तक मिळतं आणि त्यावर पालकांची सहीसुद्धा होते.

कंपनीचं नाव विचारू नका, फ्लॅटचे हप्ते अजून आठ वर्षं आहेत. पुण्यातली एक सॉफ्टवेअर कंपनी, एवढं पुरे. परदेशातल्या एका विमा कंपनीची जुनी सिस्टीम आमची टीम सांभाळते. कोणाला किती प्रीमियम बसेल ते काढणारा कोड. त्यातला काही माझ्या नोकरीपेक्षाही जुना आहे.

तर हा आकडा निघतो कसा? कोड लिहिताना एआयचं टूल पुढची ओळ सुचवतं. टॅब दाबून ती घेतली की एक वापर धरला जातो. चॅटमध्ये काहीही विचारलं की तेही धरलं जातं. घेतलेली ओळ तुम्ही मिनिटभरात खोडलीत, तर ते कुठेच धरलं जात नाही. एवढं कळल्यावर माणसं काय करतील? आमच्या टीममधला सर्वांत धाकटा पोरगा रोज सकाळी त्याला पाठ असलेलं एक फंक्शन, म्हणजे कोडचा एक तुकडा, टूलला समजावून सांगायला लावतो आणि तोवर चहा घेऊन येतो. तो हिरवा आहे. शेजारच्या टीममधल्या एकीने गणपतीच्या आधी उकडीला पिठीच्या किती पट पाणी घ्यायचं ते विचारलं, तेही वापरात आलं. मी स्वतः दोन आठवडे टॅब दाबून ओळी घेतल्या आणि खोडल्या. मग स्वतःचीच लाज वाटली म्हणून बंद केलं. २३ टक्के हा माझा प्रामाणिक आकडा आहे.

आता लगेच कोणी तरी म्हणेल, बाईंना नवीन शिकायचं नाहीये. असं नाही हो. ते २३ टक्के मी खुशीने वापरते. जुन्या कोडची हजार ओळींची फाइल समोर आली की तिचा गोषवारा काढायला हे टूल उत्तम आहे. लॉगमधून, म्हणजे सिस्टीमच्या नोंदवहीतून, नेमक्या ओळी शोधायचा पॅटर्न लिहायला पूर्वी माझा अर्धा तास जायचा, आता दोन मिनिटं. क्लायंटला जाणाऱ्या मेलचं इंग्रजी तर मी त्याच्याकडूनच साफ करून घेते. आणि हेही कबूल करते की विरोध करणाऱ्यांत काही जण निव्वळ आळशी आहेत. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं गिट शिकायलाही त्यांनी दहा वर्षांपूर्वी असाच विरोध केला होता.

पण एक प्रसंग सांगते.

विम्यात वय मोजायच्या दोन पद्धती असतात. तुम्हाला ३४ वर्षं ७ महिने झाले असतील तर काही पॉलिसींत तुमचं वय ३४ धरतात, म्हणजे मागचा वाढदिवस. काहींत ३५ धरतात, म्हणजे जवळचा वाढदिवस. आमच्या कोडमध्ये एका जुन्या पॉलिसीसाठी सहा महिन्यांचा असा एक हिशेब आहे, जो बघताक्षणी कोणालाही चुकून राहून गेलेला वाटतो. तिथे टीप नाही, कारण लिहिणारा घाईत होता. का आहे ते मला माहीत आहे, कारण ज्या फोनवर क्लायंटने ते सांगितलं त्या फोनवर मीही होते. आमच्या त्या धाकट्या पोराने टूलला 'हे फंक्शन नीट कर' असं सांगितल्यावर टूलने ते खरोखर नीट केलं. सुबक, छोटं, वाचायला सोपं. सहा महिने गायब. कोड तपासायच्या टेस्ट केसही त्याच टूलने लिहिल्या होत्या, त्यामुळे सगळ्या पास.

तो बदल माझ्याकडे तपासायला आला तेव्हा त्या दिवसातला तो अकरावा होता. टूलमुळे कोड भराभर तयार होतो, पण वाचणारे डोळे तेवढेच राहतात हे कोणी लक्षात घेत नाही. मी तो पास केला. चूक माझी, मान्य. क्लायंटच्या टेस्टिंगमध्ये ती सापडली म्हणून निभावलं. नंतर चूक का झाली ते लिहायचा जो फॉर्म असतो त्यात 'बदल कोणी केला' समोर त्या पोराचं नाव आणि 'कोणी तपासला' समोर माझं. मी मॅनेजरला विचारलं, यात टूलचं नाव कुठे लिहू? तो म्हणाला, "तसा रकाना नाहीये गं." वापर मोजायला रकाना आहे, चूक लिहायला नाही. माझं भांडण आहे ते इथे. खाली सही माझी लागणार असेल, तर या कामाला हे टूल नको म्हणायचा अधिकारही माझ्याकडे हवा. एक ठेवायचं आणि दुसरं काढून घ्यायचं, असं कसं चालेल?

वरून येणारी भाषाही आता बदलली आहे. ऑनलाइन दुकानं चालवायचं सॉफ्टवेअर देणाऱ्या शॉपिफायच्या प्रमुखाने एप्रिल २०२५ मध्ये कर्मचाऱ्यांना कळवलं की एआयचा वापर ही आता किमान अपेक्षा आहे, आणि नवीन माणूस मागण्याआधी ते काम एआयने का होत नाही ते दाखवा. कॉइनबेस या क्रिप्टो कंपनीचा प्रमुख ब्रायन आर्मस्ट्राँग तर त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एका पॉडकास्टवर उघड बोलला. त्याने इंजिनिअरांना आठवडाभरात एआय टूल वापरायला सुरुवात करा असं फर्मावलं, ज्यांनी केली नाही त्यांना शनिवारी मीटिंगला बोलावलं, आणि ज्यांच्याकडे पटेल असं कारण नव्हतं त्यांना घरी पाठवलं. आमच्या ग्रुपवर ही बातमी आली तेव्हा खाली तीन अंगठे होते. त्यातला एक एचआरचा.

आणि फायदा तरी मोजलाय का कोणी? मेट्र नावाच्या अमेरिकन संस्थेने २०२५ मध्ये ओपन सोर्स, म्हणजे सर्वांना खुला असलेला कोड लिहिणारे १६ अनुभवी प्रोग्रामर घेऊन २४६ कामांवर प्रयोग केला. काही कामं एआय घेऊन, काही एआयशिवाय, आणि तीही त्यांच्या स्वतःच्या, वर्षानुवर्षं ओळखीच्या कोडवर. एआय घेऊन केलेल्या कामांना १९ टक्के जास्त वेळ लागला. मला त्यातली खरी गंमत पुढची वाटते. काम संपल्यावर त्यांना विचारलं, तर ते म्हणाले की आमचा २० टक्के वेळ वाचला. प्रयोग त्या वर्षाच्या सुरुवातीच्या टूल्सवरचा आहे, माणसं सोळाच आहेत, आजच्या टूल्सवर आकडा बदललेला असू शकेल. पण वेळ वाचतोय ही भावना आणि वाचलेला वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं तरी त्यातून दिसतं. माझा सोमवारचा मेल या दोन्हींपैकी काहीच मोजत नाही. तो टॅब मोजतो.

परवा हे सगळं बाबांशी बोलत होते. बाबा साताऱ्याला असतात, सरकारी बँकेतून निवृत्त. मी शाळेत असताना ते शर्टावर काळी फीत लावून कामावर जायचे, कॉम्प्युटर नको म्हणून. मला नोकरी लागल्यावर मी त्यांची यथेच्छ चेष्टा केलेली आहे. ज्याच्या विरोधात बापाने फीत लावली, त्याच्यावर पोरगी पोट भरते वगैरे.

या वेळी ते म्हणाले, "अगं, आम्ही मशीन आलं म्हणून भांडलो, आणि करार झाल्यावर त्याच मशीनवर बसलो. मधला करार तुम्हा लोकांना दिसत नाही."

मग मी जरा वाचलं. बाबा बरोबर होते. बँक कर्मचाऱ्यांच्या संघटना आणि बँकांच्या बाजूने इंडियन बँक्स असोसिएशन यांच्यात १९८३ साली यांत्रिकीकरणाचा करार झाला, मग १९८७ ला, मग १९९३ ला. कुठल्या कामाला मशीन, किती मशीन, हे टेबलावर समोरासमोर बसून ठरलं. त्याही आधी, साठच्या दशकात, कलकत्त्यात एलआयसीच्या कर्मचाऱ्यांनी कॉम्प्युटर आत येऊ नये म्हणून ऑफिसच्या इमारतीवर पहारा ठेवला होता. एवढं तापलं की केंद्र सरकारने ऑटोमेशनवर समितीच नेमली. अध्यक्ष कोण, तर आपल्या पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटचे वि. म. दांडेकर. तिचा अहवाल १९७२ चा. म्हणजे पन्नास वर्षांपूर्वी या देशात एका मशीनवर सरकार, मालक आणि कामगार बोलत होते. माझ्याकडे एक मेल आला, त्याखाली रॉकेटचं चित्र होतं.

बाबा संघटनेचे असले तरी आंधळे नाहीत. "सहामाहीला रात्री दोन दोन वाजेपर्यंत टॅली लागायची नाही. दहा पैशांचा फरक शोधायला चार माणसं. ते गेलं ते बरंच झालं," हेही तेच म्हणाले. आणि त्या विरोधापायी खातेदारांना जास्तीची काही वर्षं रांगेत उभं राहावं लागलं, हेही त्यांना मान्य आहे. पण मशीनवर बसणाऱ्याला वेगळा भत्ता मिळायचा आणि ते शिकायला बँक वेळ द्यायची, हे सांगताना अजूनही आवाज चढतो. मी त्यांना सांगितलं की आमचं प्रशिक्षण चार तासांचा व्हिडिओ आहे, तो रविवारी घरी बघायचा आहे, आणि बघितला की नाही याचाही आकडा आहे. त्यावर ते काहीच बोलले नाहीत. आईने फोन घेतला.

१९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कलम ९अ होतं. कामाच्या अटींत ठरावीक प्रकारचे बदल करायचे तर मालकाने २१ दिवस आधी नोटीस द्यायची, आणि त्या बदलांच्या यादीत नोकरकपात ओढवेल अशा तांत्रिक सुधारणाही होत्या. कायदे आता बदललेत. पण आमच्या क्षेत्रात असल्या कलमांचा विचारच कोणाच्या मनात येत नाही, कारण आम्ही स्वतःला कामगार समजत नाही. आम्ही 'रिसोर्स' आहोत. रिसोर्सला नोटीस कशाला?

उलट अमेरिकेतल्या पटकथालेखकांना ते जमलं. २०२३ मध्ये त्यांच्या रायटर्स गिल्डने १४८ दिवस संप केला, आणि करारात लिहून घेतलं की लेखकाला एआय वापरायची सक्ती कंपनी करू शकत नाही. लेखकाला हवं असेल तर कंपनीच्या संमतीने तो वापरू शकतो. आणि कंपनीने त्याच्या हाती दिलेला मजकूर एआयने केलेला असेल, तर तसं सांगायचं. बंदी नाही, सक्ती नाही, लपवाछपवी नाही. मला यापेक्षा जास्त काहीच नकोय.

तिकडे ऑस्ट्रेलियात डेलॉइट या सल्लागार कंपनीने एआय वापरून सरकारच्या रोजगार खात्याला दिलेल्या अहवालात अस्तित्वातच नसलेले संदर्भ निघाले, शिवाय न्यायालयाच्या निकालातलं म्हणून दिलेलं एक बनावट वाक्य. काम सुमारे ४ लाख ४० हजार ऑस्ट्रेलियन डॉलरचं. २०२५ मध्ये त्यातले काही पैसे परत करायची वेळ आली. ही बातमी वाचताना माझ्या डोक्यात एकच आलं, तो अहवाल शेवटचा वाचणारं जे कोणी असेल, त्याच्या समोर त्या दिवशी अकरावं काय होतं?

असो. गेल्या बुधवारी आम्ही काही जणांनी मिळून मॅनेजरला मेल लिहिला. तीनच मागण्या. अप्रेझलमधून तो रकाना काढा. प्रीमियमच्या हिशेबाच्या कोडला हे टूल लावायचं की नाही, ते त्या कोडची जबाबदारी असलेल्याला ठरवू द्या. आणि चूक का झाली ते लिहायच्या फॉर्ममध्ये टूलचं नाव लिहायला जागा करा. मेलचं इंग्रजी मी टूलकडूनच तपासून घेतलं, त्यामुळे उद्या कदाचित मी २४ टक्के असेन.

खाली सात नावं आहेत. आठवं त्या धाकट्या पोराचं होतं. पाठवायच्या दहा मिनिटं आधी तो डेस्कशी आला आणि म्हणाला, "मॅडम, माझं काढाल का? प्रोबेशन मार्चपर्यंत आहे." मी काढलं. त्याच्यासमोरच काढलं, म्हणजे त्याला रात्री झोप लागेल.