टेनेसीच्या त्या तिघांबद्दल, काकांना आणि सगळ्यांनाच

परवा नागपूरहून काकांचा फोन आला होता. बोलता बोलता इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या टेनेसी राज्याच्या राजकारणाचा आणि २०२३ मध्ये सभागृहात आंदोलन केल्याबद्दल कारवाई झालेल्या तीन आमदारांचा विषय निघाला, तसे ते म्हणाले, "अगं, सभागृहात भोंगा घेऊन ओरडलं की शिक्षा होणारच. नियम म्हणजे नियम." मला धड उत्तर देता आलं नाही, घसाच भरून आला. म्हणून इथे लिहितेय.

काका, मी टेनेसीच्या राजधानीत, नॅशव्हिलमध्ये राहते. २७ मार्च २०२३ ला सकाळी इथल्या कव्हेनंट स्कूलमध्ये गोळीबार झाला. तीन मुलं गेली, तिघंही नऊ वर्षांची. तीन मोठी माणसं गेली. माझी लेक तेव्हा दुसरीत होती, वेगळ्या शाळेत. "सगळी मुलं सुरक्षित आहेत" असा तिच्या शाळेचा मेसेज येईपर्यंत मी किल्ली हातात धरून गाडीत नुसती बसून होते. गाडी सुरू करायचं भानच नव्हतं. हल्लेखोराने पाच दुकानांतून सात बंदुका विकत घेतल्या होत्या, सगळ्या कायदेशीर. मानसिक आजारावर उपचार चालू होते. पण अशा माणसाकडची शस्त्रं कोर्टाच्या आदेशाने काढून घेता येतील, असा कायदाच टेनेसीत नाही.

तीन दिवसांनी शाळकरी पोरं आणि त्यांच्या आया विधानभवनावर धडकल्या. गॅलऱ्या भरल्या, बाहेर घोषणा. आत कामकाज नेहमीसारखं चालू. तेव्हा जस्टिन जोन्स, जस्टिन पिअर्सन आणि ग्लोरिया जॉन्सन हे तीन आमदार परवानगी न घेता वेलमध्ये, म्हणजे अध्यक्षांसमोरच्या मोकळ्या जागेत उतरले. दोघा तरुणांनी भोंगा घेऊन गॅलरीतल्या लोकांच्या घोषणांना साथ दिली. कामकाज तासभर बंद पडलं. कोणाला धक्काबुक्की झाली नाही, काही मोडलं नाही. आपल्याकडे राजदंड पळवतात, कागद फाडून भिरकावतात, ते तुम्ही आयुष्यभर पाहिलंय. तरी सभागृहाचे अध्यक्ष कॅमेरन सेक्स्टन यांनी या प्रकाराची तुलना ६ जानेवारी २०२१ ला वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलवर, म्हणजे अमेरिकेच्या संसदभवनावर झालेल्या हल्ल्याशी केली.

नियम मोडला, हे मी नाकारत नाही. त्यासाठी समज देता आली असती, निषेधाचा ठराव करता आला असता. ६ एप्रिलला थेट हकालपट्टीचे ठराव आले. ९९ जणांच्या सभागृहात दोन तृतीयांश, म्हणजे ६६ मतं लागतात. जोन्सविरुद्ध ७२ पडली, पिअर्सनविरुद्ध ६९. ग्लोरियाबाईंविरुद्ध ६५, त्या एका मताने वाचल्या. दोघे काळे तरुण, विशीतले, बाहेर. साठीच्या गोऱ्या बाई आत. हे असं का झालं, असं विचारल्यावर बाईंनी स्वतःच सांगितलं की त्याचा संबंध कातडीच्या रंगाशी असू शकेल. बाई पूर्वी शिक्षिका. २००८ मध्ये नॉक्सव्हिलमध्ये त्या शिकवत होत्या त्याच शाळेत एका मुलाने दुसऱ्याला गोळी घालून मारलं होतं. त्या वेलमध्ये का उतरल्या, हे मला तरी कोणी समजावून सांगायला नको.

याआधी या सभागृहाने १९८० मध्ये लाचेच्या प्रकरणात एकाला काढलं होतं आणि २०१६ मध्ये महिलांशी गैरवर्तनाच्या आरोपांवरून एकाला. त्या रांगेत आता मुलांसाठी ओरडणाऱ्यांना नेऊन बसवलं.

काका, जुलै २०२१ आठवतो? महाराष्ट्राच्या विधानसभेने भाजपचे १२ आमदार वर्षभरासाठी निलंबित केले, तेव्हा तुम्ही किती संतापला होतात. "त्यांना मत देणाऱ्यांनी काय पाप केलं?" हे तुमचेच शब्द. जानेवारी २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते निलंबन रद्द केलं आणि अशी शिक्षा पूर्ण मतदारसंघाला होते, हेच सांगितलं. तुमचं तेव्हा बरोबर होतं, ते इथेही लावा ना. नॅशव्हिल आणि मेम्फिसमधल्या प्रत्येकी सुमारे ७०,००० माणसांचा आमदार त्या दुपारी काढून घेतला, तोही बंदुकांवर बोलायची सगळ्यात जास्त गरज असताना.

आणखी एक गोष्ट तुम्हाला सांगायचीच आहे. तुम्ही ज्या हिस्लॉप कॉलेजात शिकलात, तिथे १९५० च्या दशकात जेम्स लॉसन नावाचे एक काळे अमेरिकन मिशनरी शिकवायला होते. नागपुरात राहून त्यांनी गांधीजींचा सत्याग्रह अभ्यासला आणि परत येऊन तोच नॅशव्हिलच्या विद्यार्थ्यांना शिकवला. काळ्यांना खायला न देणाऱ्या दुकानांतल्या खाण्याच्या काउंटरवर जाऊन शांत बसायचं, मार पडला तरी हात उचलायचा नाही. १९६० च्या फेब्रुवारीत ते आंदोलन सुरू झालं आणि मे महिन्यात इथली काउंटर सगळ्यांना खुली झाली. मधल्या काळात व्हँडरबिल्ट विद्यापीठाने लॉसनना काढून टाकलं होतं. शिस्तीचंच कारण. पुढे त्याच विद्यापीठाने त्यांना सन्मानाने प्राध्यापक म्हणून बोलावलं. जोन्स आणि पिअर्सनला लोक सभागृहाबाहेर खांद्याला खांदा लावून भेटले, तेव्हा मला ते काउंटरवर बसलेले विद्यार्थीच आठवत होते.

रिकाम्या जागी तात्पुरता आमदार स्थानिक कौन्सिल नेमते. चार दिवसांत नॅशव्हिलच्या कौन्सिलने ३६ विरुद्ध ० मतांनी जोन्सनाच परत पाठवलं, आणि त्यानंतर दोन दिवसांनी मेम्फिस ज्यात येतं त्या शेल्बी काउंटीने ७ विरुद्ध ० ने पिअर्सनना. ऑगस्टच्या पोटनिवडणुकीत दोघेही निवडून आले. जोन्स सभागृहात परत जायला निघाले त्या संध्याकाळी रस्त्यावरच्या गर्दीत मीही होते, लेकीचा हात धरून.

धोकादायक माणसाकडची शस्त्रं काढून घेण्याचा कायदा मात्र अजून झालेला नाही. उलट २०२३ मध्येच बंदूक बनवणाऱ्या कंपन्यांना खटल्यांपासून आणखी संरक्षण दिलं गेलं. एप्रिल २०२४ मध्ये शिक्षकांना प्रशिक्षण आणि परवानगी घेऊन शाळेत लपवून बंदूक बाळगता येईल असा कायदा झाला. कोणाकडे आहे, हे पालकांना सांगायचं नाही.

गेल्या आठवड्यात लेकीच्या शाळेत, गोळीबार झाला तर काय करायचं, याचं पुन्हा ड्रिल झालं. दिवे बंद, दार बंद, भिंतीला टेकून गप्प बसायचं. तिने मला घरी ते करून दाखवलं, आवाज न करता चॉकलेटचा कागद कसा उलगडायचा तेसुद्धा. काका, माझी मुलगी गप्प बसायला शिकतेय. तिच्यासाठी जे बोलले त्यांच्या बाजूने मी आहे, भोंग्यासकट.