काका, खुर्ची जरा बाजूला घ्या

मागल्या गणेश चवथीच्या पंधरा दिवस आधी पुण्याला नोकरीस असलेल्या आमच्या चिरंजीवांनी एक पुडके पाठवले. त्यात नेवरीहूनही, म्हणजे करंजीहूनही, लहान अशी ब्लूटूथची एक काळी डबी होती आणि तिच्यापासून निघालेल्या तारेला एक लाल, एक पांढरी अशा दोन पिना होत्या. त्या स्टिरिओच्या पाठीमागे त्याच रंगांच्या भोकांत खुपसल्या की फोनमधले गाणे वाऱ्यावरून डबीत जाईल, डबीतून स्टिरिओत उतरेल आणि मला पुढे काहीही करावे लागणार नाही, असे त्याने समजावून सांगितले. 'पुढे काही करायचे नाही' हे वाक्य मी पेन्शनच्या कागदांच्या वेळीही ऐकले होते. तरीही विश्वास ठेवला, कारण या वेळी पोटचा मुलगा सांगत होता.

आमचा स्टिरिओ म्हणजे 1988 साली थोरल्या बंधूंनी मस्कतहून आणलेला, दोघांनी मिळून उचलावा लागणारा ऐवज. गोव्याच्या पावसाळ्यात कॅसेटींना बुरशी लागून त्या एकेक करून गेल्या, कॅसेट फिरवणारा रबरी पट्टाही विरघळून चिकट झाला, पण ॲम्प्लिफायर आणि दोन्ही स्पीकर अजून ठणठणीत आहेत. घरात माझ्याविषयी असे कोणी म्हणत नाही, त्यामुळे या यंत्राबद्दल मला थोडा हेवा आणि पुष्कळ जिव्हाळा आहे.

डबीला वाचा आहे. वीज लावली की तिच्यातली बाई इंग्रजीत 'पेअरिंग' म्हणते, फोनशी सूत जुळले की 'कनेक्टेड' म्हणते आणि फिसकटले की त्याच प्रसन्न आवाजात 'डिसकनेक्टेड' म्हणते. पेअरिंग म्हणजे फोन आणि डबी यांची सोयरीक. ती एकदा जमवली की दोघांनी एकमेकांना लक्षात ठेवायचे असते. ती जमवण्यासाठी मी शेजारच्या मुलाला बोलावले आणि त्याने खात्री करून घ्यावी म्हणून आधी स्वतःच्याच फोनशी जमवली. तेव्हापासून तो आमच्या फाटकापाशी आला आणि नेमका माझा फोन बंद असला, की डबी बिनदिक्कत त्याचा हात धरते आणि आमच्या देवघराशेजारी फुटबॉलच्या सामन्याचे वर्णन सुरू होते.

मला ऐकायच्या होत्या केसरबाई. शास्त्रीय गायिका केसरबाई केरकर आमच्याच फोंडा तालुक्यातल्या केरीच्या, 1892 चा जन्म. सकाळी अंघोळ करून पुढच्या सोप्यावर बसावे, फोनवर बोट टेकवावे आणि आत हॉलमध्ये त्यांची भैरवी लागावी, एवढीच माझी अपेक्षा होती. त्यांची 'जात कहाँ हो' ही भैरवी सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीवर चढवून 1977 साली दोन व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात पाठवण्यात आली. त्यातले पहिले यान आज पृथ्वीपासून 2400 कोटी किलोमीटरच्याही पलीकडे आहे आणि त्याच्यावरच्या सुमारे 23 वॅटच्या प्रक्षेपकाचे बोलणे इथे अजून ऐकू येते. सोप्यापासून स्टिरिओपर्यंतचे अंतर मी टेप लावून मोजले. ते 18 फूट भरले. ताऱ्या-ताऱ्यांमधल्या पोकळीत पोचलेल्या केसरबाई आमच्या सोप्यावरून हॉलमध्ये निघाल्या की 'जात कहाँ' पर्यंत येत आणि 'हो' भिंतीत राहून जाई.

दोष अर्थात भिंतीचा. जुन्या घराच्या भिंती चिऱ्याच्या, दीड-दीड हात रुंद आणि श्रावणाअखेर पोटभर पाणी पिऊन बसलेल्या. ब्लूटूथच्या लहरी 2.4 गिगाहर्ट्झच्या आसपासच्या आणि दहा मीटर पल्ल्याच्या समजल्या जाणाऱ्या उपकरणांत त्यांची कमाल ताकद अवघी 2.5 मिलिवॅट, म्हणजे त्या यानाच्या तुलनेत नऊ हजारांत एक हिस्सा. एवढ्याशा जिवाने ओल्या चिऱ्यातून पार व्हावे अशी अपेक्षा धरणेच निर्दयपणाचे होते. स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह याच लहरींवर दूध तापवतो हे मला सौ.ने चहा केला त्या दिवशी कळले. या गर्दीतून निभावण्यासाठी ब्लूटूथ 79 वाटांपैकी मोकळी दिसेल ती धरत सेकंदाला 1600 वेळा वाट बदलते. गणपतीच्या डोक्यावर फळाफुलांची माटोळी टांगतात, तिच्या फोंड्याच्या बाजारात चवथीच्या आदल्या दिवशी माणूस असाच चालतो आणि त्याच्याही पिशवीतले काहीतरी वाटेत पडतेच.

राहिले दार. सोपा आणि हॉल यांच्यामधले दार उघडे ठेवले की प्रश्न मिटण्यासारखा होता, पण दारात काका होते. काका म्हणजे वडिलांचे धाकटे बंधू, वय 82. चवथीसाठी मूळ घरी ते आठ दिवस आधी येतात आणि त्या दारात आरामखुर्ची टाकतात, कारण वारा तिथूनच जातो. लहरीही तिथूनच जातात, ही अडचण. माणसाच्या शरीरात निम्म्याहून जास्त पाणी असते आणि पाणी या लहरी शोषून घेते. काकांचा देह भरदार असल्यामुळे शोषणही भरघोस होई. ते मागे रेलले की खुर्चीवरच्या मोकळ्या फटीतून भैरवी लागे, पानाला चुना लावायला पुढे वाकले की तुटे. तीन सकाळी मी हे सोसले, चौथ्या सकाळी धीर करून म्हणालो, "काका, खुर्ची जरा बाजूला घ्या. केसरबाई अडतायत."

काकांनी वर्तमानपत्र खाली केले. "केसरबाईंना मी समोर बसून ऐकलेय रे. त्या अडणाऱ्यांतल्या नव्हत्या."

चवथीच्या दिवशी मात्र पूजेला जागा हवी म्हणून खुर्ची उचलून कोपऱ्यात ठेवली गेली आणि आठ दिवसांत प्रथमच वाट मोकळी झाली. हॉलमध्ये माटोळीखाली पंचवीस माणसे आरतीची वाट पाहत बसली होती, स्टिरिओवर मंद भजन चालू होते आणि मी राजांगणात तुळशीपाशी केळीची पाने पुसत होतो. इतक्यात म्हापशाहून मेहुण्याचा आवाजी निरोप आला. मी बोट टेकवले; काहीच ऐकू येईना. आवाज वाढवला, फोन कानाला लावला, पुन्हा दाबले, शुकशुकाट. ओल्या हातांनी बिघडला असेल म्हणून फोन धोतराला पुसला, आवाज शेवटच्या रेघेपर्यंत नेला आणि तिसऱ्यांदा दाबले. तेव्हा सौ. स्वयंपाकघराच्या दारात येऊन खालच्या आवाजात म्हणाली, "अहो, पुरे आता. सगळ्यांचे पाठ झाले."

निरोप असा होता : "भावोजी, काका झोपले की मिस्ड कॉल द्या, मग दर्शनाला येतो. गेल्या वर्षी त्यांनी मला 67 चा जनमत कौल दोनदा ऐकवला आणि मत फुलाला दिले की दोन पानांना, ते शेवटपर्यंत सांगितलेच नाही." हा कौल गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की वेगळा राहावा यावरचा; फूल ही विलीनीकरणाची निशाणी, दोन पाने वेगळे राहण्याची.

मी हॉलमध्ये गेलो तेव्हा सगळेजण माटोळीतल्या सुपाऱ्या मोजत असल्यासारखे वर बघत होते. काका फक्त डबीकडे पाहत होते.

"याला तार नसते काय रे?"

"हल्लीच्या फोनला तारेचे भोकच नसते, काका."

"भोक नाही?" त्यांनी फोन हातात घेऊन चारही कडांवरून अंगठा फिरवला. "पैसे मोजून घेतलास ना?"

दुपारी चिरंजीवांना कळवले तर ते आधी पोट धरून हसले आणि मग म्हणाले की, वायफायवर चालणारी डबी घेतली असती तर हे झाले नसते. त्यात फोन नुसता हुकूम देतो, गाणे डबी स्वतः इंटरनेटवरून आणते आणि फोनमधले निरोप फोनमध्येच राहतात. मात्र सोप्यावर बसून हुकूम द्यायचा तर वायफाय सोप्यापर्यंत पोचायला हवे आणि मध्ये तोच चिरा आहे, हे त्याच्या लक्षात आले नव्हते.

काका रोज साडेआठला झोपतात. त्या रात्री साडेनऊ झाले तरी ते जागे होते आणि आरामखुर्ची त्यांनी स्वतः ओढून पुन्हा दारात आणली होती. शेजारी एक रिकामे स्टूलही होते. मिस्ड कॉल द्यायला मला दोनदा आठवण करण्यात आली, मी दिला. दहाच्या सुमारास मेहुणा दबकत पायऱ्या चढून आला आणि खुर्ची पाहून सोप्यावरच थबकला.

"ये, बस," काका स्टुलावर हात थोपटत म्हणाले. "फूल की पाने, तुला ऐकायचे राहिले होते ना?"

मग ते चुन्याच्या डबीसाठी पुढे वाकले, आतले भजन तुटले आणि जानेवारी 1967 सुरू झाला.