दाढीच्या निळसर झाकेबद्दल
पुरुषाचा स्त्री-मेकओव्हर कसा होतो, हा लेख आवडला. पण दाढीचा विषय दोन ओळींत उरकलाय, आणि खरा वेळ तिथेच जातो! मी मेकअप करते म्हणून सांगते. कितीही गुळगुळीत दाढी केली तरी हनुवटीवर निळसर झाक राहते. त्यावर नुसतं फाउंडेशन थापलं की चेहरा राखाडी दिसतो. आधी केशरी करेक्टर (निळसर झाक दाबणारं रंगीत क्रीम) बोटाने टिपून बसवायचा, वर पावडर, मग फाउंडेशन. दाढी त्याच दिवशी, नव्या ब्लेडने करून या. भुवया कोरायलाच हव्यात असं नाही, गोंदाने चापून बसवता येतात. विग चढला की बरेच जण आरशासमोर एकदम गप्प होतात. तेव्हा मी पाणी आणायच्या निमित्ताने बाहेर जाते. बालगंधर्वांच्या महाराष्ट्रात यात लाजायचं काय? फक्त न विचारता फोटो काढणाऱ्यांकडे जाऊ नका.