‘तीन दिवसांचं काम अकरा दिवस’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

ताई, नमस्कार.

तुमच्या सोसायटीतल्या मोठ्या झाडाजवळची वाट आम्ही नव्याने करून दिली, त्या कामाबद्दलचा तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला. एक तारा आणि खाली चार ओळी: तीन दिवसांचं काम अकरा दिवस केलं, माणसं झाडाखाली नुसती बसून असायची, वाट सपाट करायला सांगितली होती तरी उंचवटा ठेवला, वर साडेसहा हजार जास्त घेतले. सोबत आमच्याकडे काम करणाऱ्या एका मुलाचा फोटो.

आधी माफी मागतो. तुमच्या सासूबाईंना वॉकर घेऊन इतके दिवस पार्किंगमधून वळसा घालावा लागला, याचं मला खरंच वाईट वाटतं. फोडलेल्या काँक्रीटचा राडारोडा चार दिवस दुचाक्यांच्या पुढ्यात पडून होता, तो आमचा हलगर्जीपणा. तुम्ही दोनदा फोन केलात तेव्हा मी दुसऱ्या साइटवर होतो. नंतर उलट फोन करायला हवा होता, तो केला नाही. चुकलं.

पण अकरा दिवस आणि ‘नुसती बसून’ हे मला गिळता येत नाही. म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

पहिल्या दिवशी शहाबादी फरशी काढली आणि खालचं काँक्रीट छिन्नी-हातोड्याने फोडलं. ब्रेकर लावला असता तर दोन तासांत झालं असतं, पण त्या दणक्याने खालची मुळं चिरतात, म्हणून बुंध्याजवळ मी ब्रेकर नेत नाही. दुसऱ्या दिवशी पहार बाजूला ठेवून खुरप्याने माती काढली, तेव्हा ते मूळ दिसलं. माझ्या मांडीएवढं जाड, वाटेला आडवं गेलेलं, आणि त्याच्या पाठीवर तुमच्या फरशीचा ठसा उमटलेला. सालीवर सांध्याची रेघसुद्धा स्पष्ट होती. मी लगेच फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला आणि विचारलं: मूळ ठेवून वर उतार करू, की काय ते कमिटीने सांगावं. उत्तर सहाव्या दिवशी संध्याकाळी आलं. तिसरा, चौथा, पाचवा, सहावा, असे चार दिवस माझ्या माणसांनी काय करायचं होतं?

आता तो फोटोतला मुलगा. तो बसलेला दिसतो, खरं आहे. उघडं पडलेलं मूळ मे महिन्याच्या उन्हात राहिलं तर त्याचे केसासारखे बारीक फाटे बघता बघता सुकतात, आणि झाड पाणी पितं ते त्या फाट्यांनीच. म्हणून आम्ही मुळांवर गोणपाट टाकलं होतं. ते ओलं ठेवायला आणि मुलांनी खड्ड्यात उतरू नये हे बघायला त्याला तिथे ठेवला होता. तुमच्या फोटोत त्याच्या पायाशी निळी बादली आहे, ती जरा मोठी करून बघा. त्या चार दिवसांचा त्याचा रोज मी माझ्या खिशातून दिला, बिलात लावला नाही. तो काल रात्री मला विचारत होता, काका, माझा फोटो कशाला टाकला? मला उत्तर सुचलं नाही.

सातव्या दिवशी खडीचा थर अंथरून दोरीने लेव्हल लावली. आठव्या दिवशी सकाळी येऊन बघतो तर त्यावर चाकांच्या दोन चाकोऱ्या. कुंड्या लावून वाट बंद केली होती, त्या उचलून कडेला ठेवलेल्या. गाडी कुणाची ते मी इथे लिहीत नाही. तुम्हाला माहीत आहे. तो दिवस सगळं उकरून पुन्हा करण्यात गेला. नवव्या दिवशी वळीव आला. दहाव्या दिवशी ब्लॉक बसवले, अकराव्या दिवशी सांधे भरून साफसफाई केली. मोजून बघा, आमच्या हातातले दिवस पाच होतात. मी तीन सांगितले होते, म्हणजे वरचे दोन माझ्या माथी. मूळ एवढं मोठं निघेल हा अंदाज मला आधीच यायला हवा होता, ते कबूल. पण अकरा नाही, ताई.

‘मूळ कापून टाका, किती वेळ लागतो’ असं तुमच्या घरून मला दुसऱ्याच दिवशी सांगण्यात आलं होतं. वेळ काहीच लागत नाही, करवतीने वीस मिनिटांचं काम आहे. मी ते केलेलं आहे. २०१४ साली मी नवा होतो, एका सोसायटीच्या सांगण्यावरून गुलमोहराची वाटेकडची तीन मुळं छाटली आणि वर एकदम छान सपाट फरशी बसवून दिली. सगळे खूश होते. पुढच्या वर्षी जूनच्या पहिल्या वाऱ्यात ते झाड मुळासकट एका रिकाम्या रिक्षावर पडलं. रिक्षावाला पाच मिनिटांपूर्वीच चहाला गेला होता. मी जाऊन उपटलेला बुंधा बघितला. माझे काप तसेच्या तसे दिसत होते, काळे पडलेले. त्या दिवसापासून मी बुंध्याजवळचं जाड मूळ कापत नाही, काम गेलं तरी चालेल.

तुमचं झाड रेन ट्री, आपला पर्जन्यवृक्ष. छातीच्या उंचीवर बुंध्याचा घेर आठ फूट भरला, म्हणजे जाडी अडीच फूट. त्याच्या तिप्पट अंतराच्या आत, म्हणजे साडेसात फुटांत, मोठं मूळ तोडू नये असा साधा हिशोब आम्ही धरतो. तुमची वाट बुंध्यापासून तीन फुटांवर होती. एका बाजूची मुळं गेली की झाड दुसऱ्या बाजूला झुकतं, आणि दुसऱ्या बाजूला मुलांची घसरगुंडी आहे. शिवाय झाडांच्या १९७५ च्या राज्याच्या कायद्यात झाडाला इजा करणं हेसुद्धा झाड तोडण्यातच धरलंय. मग नोटीस कुणाला आली असती?

आणि कापून उपयोग तरी काय होतो? मूळ फरशी उचलायला येत नाही. काँक्रीटखालची माती ठोकून घट्ट केलेली, तिच्यात हवा नाही. स्लॅबच्या अगदी खाली मात्र ओल धरते आणि बारीक फट राहते. दोऱ्याएवढं मूळ त्या फटीत शिरतं आणि वर्षागणिक जाड होत जातं. कापलं की त्याच टोकाला नवे फाटे फुटतात आणि पुन्हा तिथेच येतात.

म्हणून उंचवटा ‘ठेवला’ नाही, उतार केला. मूळ वाटेच्या वर पाच इंच आलं होतं. एकाला बारा या हिशोबाने प्रत्येक बाजूला पाच फूट उतार, मध्ये चार फूट सपाट. आधी एकदम पाच इंचांची ठोकर होती, तिथे सासूबाई अडखळल्या होत्या असं तुम्हीच मला सांगितलं होतंत. आता गॅसवाला सिलिंडरची ट्रॉली न थांबता नेतो, वॉचमनना विचारा. खाली वीस एमएम खडी, त्यावर पाणी झिरपू देणारं जिओटेक्स्टाइल कापड, मग बारीक खडी आणि साठ एमएमचे ब्लॉक. कच, म्हणजे दगडाची भुकटी, आणि सिमेंट मुद्दाम टाळलंय, पाणी आणि हवा खाली जावी म्हणून. मूळ आणखी जाड झालं तर तेवढेच ब्लॉक उचलून पुन्हा बसवता येतात, फोडाफोड नाही.

साडेसहा हजार हे खडी, कापड आणि वाट नऊ इंच बाहेर वळवण्याचे. बुंध्याभोवती एक मीटर तरी माती मोकळी हवी. दिल्लीच्या प्रकरणात हरित लवादाने २०१३ साली तेच सांगितलं होतं. या जादा खर्चाच्या कागदावर तुमच्या सोसायटीच्या अध्यक्षांची सही आहे. पैशांबद्दल याहून जास्त बोलत नाही.

ताई, आमचं काम छोटं आहे. सात माणसं आहेत, जाहिरात करायला पैसे नाहीत, लोक इथले तारे बघूनच फोन करतात. अकरा रिव्ह्यूंचे ४.८ होते, तुमच्या एकाने ४.५ झाले. कर्वेनगरच्या एका सोसायटीने आज सकाळी ‘जरा थांबा, कळवतो’ म्हटलं. तुम्ही रिव्ह्यू काढा असं मी म्हणत नाही, तो तुमचा हक्क आहे. फक्त त्या मुलाचा फोटो तेवढा काढला तर बरं होईल.

यापुढे झाडाजवळच्या कामाचे दिवस कोटेशनमध्ये नीट लिहू, राडारोडाही वेळेत उचलू, त्याकडे लक्ष देतो. गेटकडच्या उताराच्या सुरुवातीला एक ब्लॉक हलतो असं वॉचमन म्हणाले. रविवारी सकाळी आठला स्वतः येऊन बसवून देतो, पैसे नाहीत. पाऊस सुरू होण्याआधी आळ्यात पालापाचोळाही टाकायचा आहे, तेव्हा रविवारी तिथे गाडी लावू नका एवढी विनंती.