बातमी फोडणारे आणि लावून धरणारे

शोधपत्रकारितेचा विषय निघाला की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर बातमीदार येतो. आडवेळी भेटणारा सूत्र, टेबलाखालून सरकवलेली फाइल आणि दुसऱ्या दिवशी आठ कॉलमी मथळा. सिनेमांनी लावलेली सवय असावी. मला मात्र वाटतं की बातमी फोडणारे पुष्कळ निघतात. छापून आल्यावर चहूबाजूंनी दबाव येत असताना तीच बातमी वर्षानुवर्षं लावून धरणारा संपादक विरळा. आणि हे म्हणताना माझ्या डोक्यात एकच नाव असतं : हॅरॉल्ड इव्हान्स.

इव्हान्स १९६७ ते १९८१ लंडनच्या ‘संडे टाइम्स’चे संपादक होते. मँचेस्टरजवळ वाढलेले, रेल्वे ड्रायव्हरचे चिरंजीव. त्याआधी डार्लिंग्टनला ‘नॉर्दर्न इको’ या तुलनेनं छोट्या दैनिकात असताना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी सगळ्या बायकांना उपलब्ध व्हावी म्हणून त्यांनी मोहीम चालवली होती. १९५०मध्ये चुकीनं फाशी गेलेल्या टिमथी इव्हान्सला (आडनाव एकच, नातं काही नाही) मरणोत्तर माफी मिळावी यासाठीही ते मागे लागले आणि १९६६मध्ये ती मिळाली. म्हणजे चिवटपणा जुनाच होता, लंडनला येऊन शिकलेला नव्हे.

पण त्यांचं खरं प्रकरण थॅलिडोमाइडचं. झोपेची, गरोदरपणात बायकांनाही दिली जाणारी गोळी. औषध जर्मनीतल्या ग्रुनेन्थाल कंपनीचं, ब्रिटनमध्ये १९५८पासून विकत होती डिस्टिलर्स. हो, व्हिस्की आणि जिनवाली डिस्टिलर्सच. १९६१च्या अखेरीस गोळी बाजारातून मागे घेतली तोवर ब्रिटनमध्ये सुमारे साडेचारशे बाळं व्यंग घेऊन जन्माला आली होती. कुणाला हात नाहीत, कुणाला पाय नाहीत. पालक कोर्टात गेले. १९६८मध्ये ६२ मुलांपुरती तडजोड झाली : निष्काळजीपणाचा आरोप मागे घ्यायचा आणि दावा पूर्ण जिंकला असता तर जेवढं मिळालं असतं त्याच्या ४० टक्के घ्यायचे. बाकीची कुटुंबं वाटाघाटींत अडकून पडली.

या सगळ्या काळात ब्रिटिश वर्तमानपत्रं जवळपास गप्प होती, कारण प्रकरण न्यायप्रविष्ट. तिथला न्यायालयीन अवमानाचा कायदा भलताच कडक. गंमत अशी की ‘संडे टाइम्स’कडे कागदपत्रं होती. पालकांच्या बाजूनं काम करणाऱ्या एका तज्ज्ञाकडून कंपनीची अंतर्गत कागदपत्रं पेपरनं ८ हजार पौंड देऊन मिळवली होती. ‘इनसाइट’ या शोधपथकानं ती वाचून काढली होती. सिनेमात दाखवतात तो सगळा भाग आटोपला होता आणि तरी एक ओळ छापता येत नव्हती.

इव्हान्स यांची करामत इथून सुरू होते. कंपनीनं निष्काळजीपणा केला का, हा प्रश्न कोर्टापुढे आहे ना? मग त्याला हातच लावायचा नाही. २४ सप्टेंबर १९७२च्या अंकात त्यांनी वेगळाच प्रश्न विचारला : कायद्यानं कंपनी दोषी असो वा नसो, या मुलांना एवढीशी भरपाई देणं शोभतं का? लेखात दोन-तीन आकडे शेजारी शेजारी मांडले. देऊ केलेली रक्कम साडेबत्तीस लाख पौंड, तीही दहा वर्षांत विभागून. कंपनीचा आदल्या वर्षीचा करपूर्व नफा ६ कोटी ४८ लाख पौंड. मालमत्ता ४२ कोटी १० लाख. त्यापुढे विशेषणांची गरज उरत नाही. आजही एखादी शोधबातमी वाचताना मी आधी आकडे कसे मांडलेत ते बघतो. आकडा चौथ्या पानावरच्या चौकटीत आणि पहिल्या पानावर ‘खळबळजनक’ असं दिसलं, की त्या पेपरात संपादक बहुधा रजेवर असतो.

त्याच अंकात तळटीपेसारखं एक वाक्य होतं, की ही शोकांतिका कशी घडली हे पुढच्या लेखात दाखवू. कंपनीनं ॲटर्नी जनरलकडे, म्हणजे सरकारच्या मुख्य कायदा सल्लागाराकडे, तक्रार केली. त्यांनी खुलासा मागितल्यावर इव्हान्स यांनी छापलेल्या लेखाचं समर्थन तर केलंच, वर पुढच्या लेखाचा मसुदाही पाठवून दिला आणि त्यातला प्रत्येक तपशील खरा असल्याचं कळवलं. कुणी याला भोळेपणा म्हणेल. मला ते उघड आव्हान वाटतं. नोव्हेंबरमध्ये कोर्टानं त्या लेखावर मनाई हुकूम दिला.

लेख अडला, मोहीम अडली नाही. नैतिक प्रश्नावर बंदी नव्हती, तो आठवड्यामागून आठवडे छापत राहिला. खासदार जॅक ॲश्ली यांनी विषय संसदेत नेला. डिस्टिलर्सचे भागधारक अस्वस्थ झाले, दुकानदार त्यांच्या मालावर बहिष्काराची भाषा बोलू लागले. डिस्टिलर्स ही ‘संडे टाइम्स’ची बडी जाहिरातदार, तिनं जाहिराती काढून घेतल्या. जाहिरात विभागाचे चेहरे कसे झाले असतील हे वर्तमानपत्रात काम केलेल्या कुणालाही सांगायला नको. जानेवारी १९७३पर्यंत कंपनी दोन कोटी पौंडांवर आली. साडेबत्तीस लाखांवरून दोन कोटींवर, चार महिन्यांत.

दुसरा संपादक असता तर इथं हारतुरे घेऊन मोकळा झाला असता. मुलांना पैसे मिळाले, पेपरचं नाव झालं, अजून काय पाहिजे? इव्हान्स यांना तो अडलेला लेख छापायचा होता. अपील कोर्टानं बंदी उठवली, हाउस ऑफ लॉर्ड्सनं (तेव्हा तिथलं शेवटचं अपील न्यायालय तेच) पुन्हा लावली. मग पेपर थेट स्ट्रासबुर्गला, युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेला. मधल्या काळात, जून १९७६मध्ये, बंदी उठली आणि लगेच लेख छापला. तरीही खटला सोडला नाही. एप्रिल १९७९मध्ये ११ विरुद्ध ९ अशा मतांनी निकाल पेपरच्या बाजूनं लागला आणि १९८१मध्ये ब्रिटनला अवमानाचा कायदा बदलावा लागला. ज्या लेखाची ‘न्यूज व्हॅल्यू’ कधीच संपली होती, त्याच्यासाठी एवढी वर्षं.

आता दुसरी बाजू, कारण या प्रकरणाच्या आरत्या फार ओवाळल्या जातात. कागदपत्रांवर प्रत्यक्ष मेहनत घेतलेल्यांपैकी एक फिलिप नाइटली. (हे गृहस्थ साठच्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत ‘इंप्रिंट’ नावाचं मासिक काढत होते. त्यामागे सीआयएचा पैसा होता हे त्यांना फार नंतर कळलं. शोधपत्रकाराच्या वाट्याला यावा असा हा विनोद.) नाइटलींनी पुढे आत्मचरित्रात स्वतःच्याच पेपरची झाडाझडती घेतली : कागदपत्रं हाती असूनही पहिला मोठा लेख यायला एवढी वर्षं का लागली? ती मुलं तेवढा काळ मोठी होत होती, आईबाप कर्जात होते. हा आक्षेप मला पटतो. इव्हान्स यांची कायद्याच्या फटीतून वाट काढण्याची युक्ती १९७२मध्ये सुचली ती १९६९मध्ये सुचायला हरकत नव्हती. मोठ्या संपादकाकडून झालेला उशीरही मोठाच असतो, आणि त्याची किंमत त्याला स्वतःला मोजावी लागत नाही.

आणखी एक गोष्ट इव्हान्सभक्त ओझरती सांगतात, ती म्हणजे मालक. त्या काळात पेपर रॉय थॉमसन यांचा. संपादकीय कामात ढवळाढवळ करणार नाही, असं छापलेलं कार्ड ते खिशात बाळगत आणि गळ घालायला आलेल्याला दाखवत. पैसा कमावणं हेच आपलं काम, असं मानणारा हा माणूस. मुलांबद्दल त्यांना फार कळवळा होता असं मी म्हणणार नाही. पण जाहिराती गेल्या तेव्हा इव्हान्स यांच्या मागे मालक आणि व्यवस्थापन उभं राहिलं, एवढं पुरलं. १९८१मध्ये रूपर्ट मर्डॉक यांनी ‘टाइम्स’ आणि ‘संडे टाइम्स’ दोन्ही घेतले. संपादकांच्या स्वातंत्र्याची हमी त्यांनी लेखी दिली होती, तिच्यावर नजर ठेवायला स्वतंत्र संचालकही होते. इव्हान्स यांना ‘टाइम्स’चं संपादकपद मिळालं. माणूस तोच, अनुभव चौदा वर्षांनी वाढलेला. मार्च १९८२मध्ये, जेमतेम वर्षभरात, त्यांना राजीनामा देऊन बाहेर पडावं लागलं.